साहेब मुंबईला गेलेत

सांगवीचा भूगोल पगारदारांनी आखलेला आहे. मुळा ओलांडली की औंध, औंधातून पुढे गणेशखिंड आणि विद्यापीठ. उलट्या तोंडाने निघालात तर पिंपळे गुरव, कासारवाडी, भोसरी आणि नाशिक रस्त्याने थेट चाकण. त्यामुळे नव्या सांगवीतल्या सोसायट्यांमध्ये एका मजल्यावर कंपनीवाला राहतो आणि त्याच्या डोक्यावर विद्यापीठवाला. कंपनीवाला भल्या पहाटे कंपनीच्या बससाठी पळतो, तेव्हा वरचा कूस बदलतो आणि मनात म्हणतो, आपण सुटलो बुवा. हे सुख साधारण तीन वर्षं टिकतं. मग खालच्याच्या कंपनीत वेतनकरार होतो.

करार झाला की चाकण पट्ट्यात काय होतं ते सांगायला नको. गेटसमोर गुलाल, ढोल, पेढे, 'ऐतिहासिक' असं छापलेला फ्लेक्स. (प्रत्येक करार ऐतिहासिकच असतो. तीन वर्षांनी नवा इतिहास.) दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: इतक्या हजारांची वाढ, पहिल्या वर्षी इतके टक्के, दुसऱ्या वर्षी इतके, मेडिक्लेम एवढा, दिवाळीची सुट्टी अमुक. आणि खाली दोन रांगांत नावं. व्यवस्थापनातर्फे सही करणारे, युनियनतर्फे सही करणारे.

वरच्या मजल्यावरच्या मोबाइलवर त्याच सुमारास वेगळा फोटो येतो. पाच पदाधिकारी आणि एक मंत्री मिळून एक कागद धरून उभे आहेत. खाली मजकूर: 'मा. मंत्री महोदयांना निवेदन देण्यात आले. चर्चा सकारात्मक झाली.' सगळ्यांचे हात कागदाला लागलेले. सही कोणाचीच नाही.

सार्वजनिक विद्यापीठातल्या कर्मचाऱ्याला संघटना काढायचा हक्क आहे, राज्यघटनेनेच दिलाय. काळी फीत लावता येते, लेखणी बंद करता येते, धरणं धरता येतं, कुलगुरूंच्या दालनाबाहेर घसा बसेपर्यंत घोषणा देता येतात. एवढं सगळं करून झाल्यावर समोर बसून 'ठरलं, एवढं देतो' असं म्हणणारा माणूस मात्र त्याला मिळत नाही. खुर्ची आहे, तिच्या पाठीवर पांढरा टॉवेलही आहे. बसणारे साहेब मुंबईला गेलेत.

हे साहेब नेहमी मुंबईलाच का असतात, याचं उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016. अंमल 1 मार्च 2017 पासून. त्याचं आठवं कलम म्हणतं की शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाने नवी पदं निर्माण करायची नाहीत आणि कोणाचे पगार-भत्ते सुधारायचेही नाहीत. म्हणजे नेमणूक विद्यापीठ देणार, सेवापुस्तक विद्यापीठ ठेवणार, उशिरा आलात तर कारणे दाखवा नोटीसही विद्यापीठच काढणार. मालकाची सगळी हौस विद्यापीठाची, फक्त पगाराचा आकडा मंत्रालयाचा. 1994च्या जुन्या कायद्यातही असंच होतं. त्यामुळे कोणाला नव्या राजवटीवर किंवा जुन्या राजवटीवर राग काढायचा असेल तर त्याने सोयीप्रमाणे काढावा.

या व्यवस्थेतली गंमत अशी की दोन्ही बाजू खरं बोलतात. कुलगुरू म्हणतात, 'माझी सहानुभूती तुमच्या बाजूने आहे, पण आर्थिक बाब शासनाची.' खरं आहे. शासन म्हणतं, 'विद्यापीठं स्वायत्त आहेत, सेवकांचे प्रश्न विद्यापीठ पातळीवर सोडवावेत.' तेही कागदोपत्री खरं. मध्ये पुण्याच्या सेंट्रल बिल्डिंगमध्ये उच्च शिक्षण संचालनालय बसलंय, ते म्हणतं, 'प्रस्ताव वर पाठवलाय.' हे तर सर्वांत खरं. प्रस्ताव वर जातो, वित्त विभाग त्यावर शंका काढतो, शंका खाली येते, खालून खुलासा वर जातो. फाइलीचा प्रवास भत्ता काढायचा ठरवला असता तर एवढ्यात थकबाकी फिटली असती.

खालच्या मजल्यावरच्याला ही भानगड माहीत नाही, कारण त्याच्यासाठी महाराष्ट्राने फार आधी कायदा केला. 1971चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा. आस्थापनेतले किमान तीस टक्के कामगार सभासद दाखवा, औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता घ्या, मग मालकाला तुम्हाला टाळता येत नाही; प्रामाणिकपणे वाटाघाट न करणं हीच अनुचित प्रथा. कायदा असून मालक टाळतात, पळतात, दुसरी युनियन उभी करतात, हे पिंपरी-चिंचवडला शिकवायला नको. 1989मध्ये टेल्कोचे कामगार आपले नेते राजन नायर यांच्यामागे शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, हे इथले म्हातारे अजून सांगतात. हरले म्हणा, पण समोर कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग विद्यापीठवाल्याला हा कायदा का लागू नाही? इथे आपल्या न्यायव्यवस्थेतला एक झकास अध्याय सुरू होतो आणि त्याचा पहिला नायक आपला सातारकर आहे.

1963मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली विद्यापीठाचा खटला आला. भांडण होतं बसचालकांचं. विद्यापीठाने कॉलेजच्या बसगाड्या बंद केल्या, चालकांना घरी पाठवलं. चालक म्हणाले, आम्ही कामगार, नुकसानभरपाई द्या. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी: विद्यापीठ हा उद्योग नाही, म्हणून चालक कामगार नाहीत. शिक्षणाचं कार्य मोठं, त्यात चालक-शिपाई-कारकुनांचा वाटा किरकोळ, सबब औद्योगिक कायदा लागू नाही. गजेंद्रगडकर कामगारविरोधी होते असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. कामगार कायद्यातलं त्यांचं काम फार मोठं, पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्षही तेच. आणि निवृत्तीनंतर ते झाले कोण, तर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. 'विद्यापीठ उद्योग नाही' हे ज्यांनी ठरवलं, त्यांनाच ते चालवून बघायला मिळालं. नियतीला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी हे टिपून ठेवावं.

1978मध्ये बंगलोरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून, हा निकाल पुसून टाकला. पद्धतशीर काम चालतं, नोकर-मालक आहेत, सेवा दिली जाते, मग तो उद्योग. विद्यापीठही आलं, इस्पितळही आलं. सरकारला घाम फुटला. 1982मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून शिक्षणसंस्थांना 'उद्योगा'तून बाहेर काढलं. संसदेने केलं, राष्ट्रपतींची सही झाली, आणि ती व्याख्या लागू करण्याची अधिसूचना काढायची तेवढी राहिली. राहिली ती राहिलीच. 2017मध्ये 1978च्याच निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला. सातांनी सोडवलेलं गणित तपासायला नऊ लागतात, हा हिशेब विद्यापीठाच्या पुनर्मूल्यांकनाशी मिळताजुळता आहे.

यातला मुकुटमणी गोव्याचा. करंझाळ्याच्या एका शाळेतल्या शिक्षिकेला 1975मध्ये नोकरीवरून काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1988मध्ये निकाल लागला की शाळा हा उद्योग आहे, पण शिक्षिका ही कामगार नाही. का, तर मुलांना घडवणं हे उदात्त कार्य; ते अंगमेहनतीचं नाही, कुशल कामगाराचं नाही, कारकुनीही नाही. म्हणजे शाळेत घंटा देणारा कामगार, घंटा झाल्यावर शिकवणारी मात्र केवळ उदात्त. उदात्त माणसाने औद्योगिक न्यायालयाची पायरी चढू नये. कुठे दाद मागायचीच असेल तर तक्रार निवारण समिती आहे, विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. तिथे एकेकट्याने आपापलं गाऱ्हाणं घेऊन जायचं. पाच हजार जणांनी मिळून 'आमचं काय ते ठरवा' असं म्हणण्याची तिथे सोय नाही.

21 नोव्हेंबर 2025ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत 'वाटाघाट करणारी युनियन' असं पद पहिल्यांदा देशभरासाठी आलं, एकाहून जास्त युनियन असतील तर 51 टक्क्यांची अट घालून. 'कामगारा'च्या व्याख्येत पत्रकार आहेत, औषधं विकत फिरणारे प्रतिनिधी आहेत. प्राध्यापक नाहीत. उदात्तपणा अबाधित आहे.

आता कोणी म्हणेल, जिनिव्हाला जा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 98वा करार सामूहिक वाटाघाटींच्या हक्काचाच आहे. भारत त्या संघटनेचा 1919पासूनचा संस्थापक सदस्य, आणि 87वा (संघटना-स्वातंत्र्याचा) व 98वा हे दोन्ही करार आपण आजतागायत मान्य केलेले नाहीत. कारणही सरकार लपवत नाही: मान्य केले तर सरकारी नोकरांना आत्ता नसलेले हक्क द्यावे लागतील. इतकं स्वच्छ उत्तर मंत्रालयात कोणाला मिळालेलं मी ऐकलेलं नाही.

तर वाटाघाटीचं टेबल नाही. मग माणसं काय करतात? टेबलाऐवजी जे हाताशी आहे ते धरतात. विद्यापीठात हाताशी असतात परीक्षा.

2013 हे वर्ष या पट्ट्यात मुद्दाम आठवावं असं. त्या वर्षी 4 फेब्रुवारीला राज्यातल्या प्राध्यापकांनी, एम्फुक्टो या आपल्या महासंघाच्या हाकेवर, परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या शिक्षकांचा प्रश्न, या मागण्या. बहिष्कार चालला 10 मेपर्यंत. उन्हाळा संपत आला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तसेच, मुलांचे निकाल टांगलेले. सरकारने 71 दिवसांचा पगार कापला, आणि तो परत मिळवायला पुढची कित्येक वर्षं न्यायालय आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. त्याच वर्षी 25 जूनला चाकणला बजाज ऑटोचे कामगार बाहेर पडले, 50 दिवस. त्यांच्या युनियनने मागितलं होतं काय, तर प्रत्येकाला कंपनीचे 500 शेअर, एक रुपया दराने. व्यवस्थापनाने साफ नाही म्हटलं आणि ऑगस्टमध्ये कामगार शेअरशिवाय कामावर परतले.

मला विचाराल तर चाकणची ती मागणी जास्त विक्षिप्त होती आणि प्राध्यापकांची जास्त साधी. त्यांनी मालकी मागितली नव्हती, आधीच मंजूर झालेले पैसे मागितले होते. पण विक्षिप्त मागणीला 50 दिवसांत स्पष्ट 'नाही' मिळालं. साध्या मागणीला 96 दिवसांत 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही, 'बघू' मिळालं. आणि मधल्या मधे ज्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता त्या तिसऱ्या वर्षाच्या पोराची नोकरीची तारीख टळली.

शिक्षकेतरांची कथा याहून लांबट. सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016पासूनचा. प्राध्यापकांसाठी शासन निर्णय निघाला मार्च 2019मध्ये. शिक्षकेतर सेवक वाट बघत बसले. मध्ये डिसेंबर 2018मध्ये, ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचे आधीचे शासन निर्णय शासनानेच रद्द केले. नावातलं 'आश्वासित' तेवढं शाबूत राहिलं. मग सप्टेंबर 2020. कोरोनाची साथ, अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असं सर्वोच्च न्यायालयाने नुकतंच सांगितलेलं, सगळं राज्य ऑनलाइन परीक्षेच्या घोळात, आणि नेमक्या त्या मुहूर्तावर सेवकांनी लेखणी खाली ठेवली. किती शिव्या खाल्ल्या! माणुसकी आहे का, वेळ कुठली, मागणी कुठली. वेळ चुकीची होती हे खरंच. पण बरोबर वेळी पाच वर्षं निवेदनं दिली होती, तेव्हा कोणी वाचली होती? चुकीच्या वेळी मात्र मंत्रालयातल्या साहेबांना पुण्याचा रस्ता सापडला. नवीन वेतन लागू झालं, जानेवारी 2016 ते ऑक्टोबर 2020 या 58 महिन्यांचा फरक मागे ठेवून.

तो फरक, ती आश्वासित योजना, आणि आयोगातून सुटलेले 1410 विद्यापीठीय कर्मचारी घेऊन फेब्रुवारी 2023मध्ये पुन्हा तोच खेळ: आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार, मग 20 तारखेपासून बेमुदत बंद. परीक्षा पुढे गेल्या. पुढच्याच महिन्यात जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर उतरले, तर संपाच्या पहिल्याच दिवशी, 14 मार्चला, विधिमंडळाने मेस्माचं विधेयक मंजूर करून ठेवलं. एरवी फाइल हलायला वर्षं लागतात. संप मोडायचा कायदा एका दिवसात होतो. यंत्रणेत वेग नाही असं कोणी म्हणू नये.

वेगावरून आठवलं. 58 महिने म्हणजे फार झाले असं वरच्या मजल्यावरच्याला वाटतं. पण त्याने रोजचा रस्ता आठवावा. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020च्या पावसाळ्यात पाडला आणि नव्याची औंधकडची बाजू ऑगस्ट 2025मध्ये खुली झाली. म्हणजे साठ महिने ओलांडून गेले. त्या मानाने वेतन आयोग सुसाट आला.

संघटनांनाही थोडं ऐकवायला हवं. मागणीपत्र उघडा. पहिल्या कलमात थकबाकी, दुसऱ्यात पेन्शन, तिसऱ्यात पदोन्नती. तासिका तत्त्वावर शिकवणारा उमेदवार, ठेकेदाराकडून आलेला सफाई कामगार, दर अकरा महिन्यांनी खंड देऊन पुन्हा घेतला जाणारा ऑपरेटर, हे असलेच तर शेवटच्या पानावर, 'इतर'च्या आसपास. तासिकेवरच्या प्राध्यापकाला घड्याळ बघून पैसे मिळतात, सुट्टीत ते घड्याळही बंद. नेट झालंय, पीएच.डी. झालीय, उन्हाळ्यात तो क्लासमध्ये अकरावी-बारावीची गणितं घेतो. आमच्या सांगवीतल्या घोलप महाविद्यालयापासून गावोगावच्या कॉलेजांपर्यंत अशी माणसं नाहीत असं एकही आवार सापडायचं नाही. त्याने बहिष्कार घातला तर त्याचा पगार कापायची गरज नाही. त्याला पुढच्या जूनला बोलवायचं नाही, की झालं. कायम झालेले त्याच्यासाठी किती दिवस धरणं धरतील? मंत्रालय टेबल देत नाही ही तक्रार रास्त आहे. पण तुमच्या स्वतःच्या कार्यकारिणीच्या टेबलावर त्याला खुर्ची द्यायला कोणत्या शासन निर्णयाची वाट बघताय?

आणि याच आवारातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेला पोरगा बघा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया हे सरकारी विद्यापीठ. 14 नोव्हेंबर 2022ला तिथले 48 हजार संशोधक, शिक्षण सहायक आणि पोस्ट-डॉक संपावर गेले. त्यांची युनियन मोटार कामगारांची. होय, तीच, डेट्रॉइटच्या कारखान्यांतली. चाकणच्या युनियनने गणेशखिंडीतल्या पीएच.डी.वाल्यांचा करार करून द्यावा, तसं. सहा आठवड्यांत करार झाला, सह्या झाल्या, पगार भरघोस वाढला. तिथे 1979पासून राज्याचा कायदाच आहे की विद्यापीठाने कर्मचाऱ्यांच्या युनियनशी बसून बोललंच पाहिजे. म्हणजे सांगवीचा पोरगा तिकडे प्रयोगशाळेतल्या नळ्या धुता धुता युनियनच्या कार्डाचा धनी होतो, आणि त्याला इथे शिकवलेल्या सरांना मात्र उदात्त राहावं लागतं. तिथेही सगळं गोड नाही. विस्कॉन्सिन राज्याने 2011मध्ये सार्वजनिक कर्मचाऱ्यांचा हाच हक्क जवळजवळ काढून घेतला. पण काढून घ्यायला आधी दिलेला तरी होता.

यावर उपाय म्हणून सगळ्यांनी मुंबईला जाऊन बसावं असं माझं म्हणणं नाही. लोकलमध्ये आधीच जागा नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 1966पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे, सरकार आणि संघटना एका टेबलावर बसतात, पटलं नाही तर पगार-रजा-कामाचे तास अशा बाबींवर लवादही मागता येतो. दिल्लीतल्या बाबूला जे साठ वर्षं चालतंय ते गणेशखिंडीतल्या बाबूला चालायला हरकत काय? शासन, विद्यापीठ आणि संघटना, तिघांनी एकत्र बसायचं, वित्त विभागाचा माणूस त्याच खोलीत, आणि उठताना कागदावर सह्या. वित्त विभागाचा माणूस खोलीत हवा हे तीनदा लिहिलं तरी कमी. तो नसेल तर बाकीचे चहा पिऊन परत येतात.

कोणी घाई करू नये हेही खरंच. आठवा वेतन आयोग नेमला गेलाय, न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष आहेत, अहवालाला 18 महिने दिलेत. दर दहा वर्षांच्या रिवाजाने तो 1 जानेवारी 2026पासून मोजला जाईल. त्यात मागच्या खेपेचे 58 महिने मिळवा. वरच्या मजल्यावरच्याने घराच्या कर्जाचे हप्ते नोव्हेंबर 2030नंतर वाढवून घ्यावेत. खालच्याचे तोवर, कंपनी चाकणला राहिली तर, आणखी दोन करार झालेले असतील.